सकला शोधायचा तर आधी पाण्यातली वस्तू शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे की बडोद्यातल्या मांजलपूरचे चार मित्र, आत्तापर्यंत माही नदीला आणि आजूबाजूच्या तलावांत रोहू-कटला काढलेले, अमेरिकेतल्या चेसापीक खाडीतले कोबिया, म्हणजे आपला सकला, पकडण्याचे व्हिडिओ बघून पेटलेत, दिवाळीत जायचंय, आणि विचारतायत की खंभातची खाडी बडोद्याच्या एवढी जवळ आहे तर तिथेच कोबिया मिळेल का, नाहीतर कुठे जायचं, सामान काय घ्यायचं, आणि मिळालाच तर घरापर्यंत आणायचा कसा. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं गळ टाकतोय, तर जे माहीत आहे ते सगळं लिहितो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

खंभातचं आधी संपवून टाकू. तिथे नका जाऊ. मासा तिकडे फिरकतच नाही असं मी म्हणत नाही, पण तुम्ही जसा व्हिडिओत बघितलात, म्हणजे डोळ्यांनी शोधून, समोर आमिष टाकून, तसा तिथे मिळायचा नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, तीन मजली बिल्डिंगएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, त्यात माही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्यांचा गाळ त्याच खाडीत, म्हणजे पाणी बाराही महिने गढूळ, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. वर ओढ अशी की नांगर धरत नाही आणि ओहोटी लागली की बघता बघता बोट चिखलावर बसते, मग पुढची भरती येईपर्यंत उन्हात बसून राहा. जवळ आहे म्हणून तिथे जाणं म्हणजे पेट्रोल वाचवून सगळा दिवस घालवणं.

आता मासा. मराठीत आपण याला सकला म्हणतो, गोव्यात मोडसो, आणि प्रत्येक बंदरावर नाव बदलतं म्हणून टंडेलशी, म्हणजे बोटीच्या कप्तानाशी, बोलताना नावावरून घोळ घालू नका, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि दाखवा. लांबट अंग, चपटं रुंद डोकं, खालचा जबडा जरा पुढे आलेला, रंग गडद तपकिरी आणि दोन्ही बाजूंनी लांबच्या लांब फिकट चंदेरी पट्टे, पोट पांढरं. छोट्या माशाला ते पट्टे एकदम ठळक असतात, मोठा झाला की पुसट होतात. वरून पाहिलं तर पाण्यात तो हुबेहूब लहान मुशीसारखा दिसतो, बोटीवरची नवी पोरं दर वेळी "मुशी, मुशी" म्हणून ओरडतात आणि अनुभवी माणूसही दोन सेकंद फसतो. ओळखायची खूण म्हणजे शेपूट आणि पुढचे पंख. मुशी अख्खं अंग वळवत पोहते, सकला पुढचे पंख दोन्हीकडे पसरून आरामात तरंगल्यासारखा चालतो.

त्याच्या कुळात दुसरा मासाच नाही, तो एकटाच. जवळचे नातेवाईक कोण तर रेमोरा, तेच डोक्यावर चकती असलेले, शार्कला चिकटून फिरणारे मासे. ही माहिती परीक्षेसाठी देत नाहीये, सगळी शिकार याच्यावर उभी आहे. रेमोरा चिकटतो, सकला चिकटत नाही पण सोडतही नाही. काहीतरी मोठं दिसलं की त्याच्या सावलीत, त्याच्या पाठीमागे जाऊन राहायचं हा त्याचा स्वभाव. पाकट असेल, मोठी मुशी असेल, समुद्री कासव असेल, खाडीतला तरंगता बोया असेल, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा असेल, तरंगणारा ओंडका असेल, तुमची स्वतःची थांबलेली बोटसुद्धा असेल. म्हणून नवीन माणूस जे करतो, की एवढा मोठा समुद्र बघून कुठेही गळ सोडून बसतो, ते या माशाला चालत नाही. सुरमईला चालतं, ट्रोलिंग करत, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत फिरा, झुंड आडवी आली की लागते. सकला एकटा किंवा दोन-चारच्या टोळीत असतो आणि तो कशाच्या तरी शेजारी असतो. दिवसभर तुम्ही मासा नाही शोधायचा, ती कुठलीतरी वस्तू शोधायची, मासा तिच्या खाली असला तर असला.

चेसापीकचंच बघा ना. तिथे पाणी साधारण २० डिग्रीला आलं की मेअखेरीला हे मासे खाडीत शिरतात, उन्हाळाभर खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात आणि थंडी पडायला लागली की दक्षिणेला निघून जातात. आणि तिथे खाडीच्या तोंडावर १९६४ मध्ये सुरू झालेला पूल-बोगदा आहे, साधारण २८ किलोमीटरचा, त्याचे शेकडो खांब आणि चार कृत्रिम बेटं, म्हणजे सकल्यासाठी सावलीच सावली. व्हिडिओत जो माणूस बोटीच्या टपावर उंच मचाणावर उभा दिसतो ना, तो काही स्टाईल मारत नाही, त्या उंचीवरून पाण्यात खोलवर नजर जाते, खाली उभं राहिलं की फक्त चमक दिसते. आपल्याकडच्या होडीवर मचाण नसतं, पण केबिनच्या टपावर एकाला बसवता येतं, पाय घट्ट आणि लाइफ जॅकेट घालून, आणि चौघांपैकी एकाचं कामच ते ठेवा, आळीपाळीने, अर्ध्या तासाच्या वर कोणाची नजर टिकत नाही.

मग जायचं कुठे. माझं मत, वेरावळ ते द्वारका हा बाहेरचा किनारा, नाहीतर कच्छच्या आखाताचं तोंड म्हणजे ओखा बाजू. पाणी गोव्या-अंदमानसारखं निळं नसतं, पण पावसाळ्याचा गढूळपणा बसला की किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेल्यावर दोन-तीन मीटर खालपर्यंत दिसायला लागतं आणि तेवढं पुरतं. दीव पण चांगलं आहे, फक्त बडोद्यातून दीवला निघालेले निम्मे लोक माशासाठी जात नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, आणि आदल्या रात्री त्या कार्यक्रमाला बसलात तर सकाळी टपावर कोण चढणार. वर परतीच्या रस्त्यावर दारू तपासणारं चेकपोस्ट आहे.

ओख्याला जात असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आखाताचा दक्षिण काठ, ओख्यापासून जोडियापर्यंत, तिथली बेटं, प्रवाळ, तिवरं, हा सगळा सागरी अभयारण्याचा आणि मरीन नॅशनल पार्कचा भाग आहे, अभयारण्य १९८० चं आणि पार्क १९८२ चं. पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, "एकदाच, कोण बघतंय" हे चालत नाही, आणि नकाशावर ती बेटं फार मोहात पाडतात म्हणून आधीच सांगतो. हद्द कुठून कुठे ते स्थानिक टंडेलला बरोबर माहीत असतं, त्याने नको म्हटलं की नको. दुसरा मोह म्हणजे ओखा-बेट द्वारकेचा नवा सुदर्शन सेतू, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडला तो. चेसापीकचे व्हिडिओ बघितलेल्या माणसाला ते खांब बघून हात शिवशिवणार हे मी लिहून देतो. पण खालून बोटींची ये-जा, वर सुरक्षा, शिवाय देवस्थानाची जागा, तिथे मासेमारीचा विषयच काढू नका. शिपिंग चॅनलच्या बोयाला दोरी बांधणंही तसंच, बेकायदा आहे आणि धोक्याचंही, बोयापासून लांब इंजिन न्यूट्रलला ठेवून वाऱ्याने वाहत जायचं आणि जाता जाता एक-दोन कास्ट मारायचे, म्हणजे गळ फेकायचा. कागदपत्रांचं म्हणाल तर सगळ्यांची आधार कार्डं बरोबर, बोट नोंदणी झालेली आणि माणसं नेण्याची परवानगी असलेली, आणि निघायच्या आधी बंदरावर नोंद. तो सीमेजवळचा समुद्र आहे, तिथे तपासणी होते आणि व्हायलाच हवी.

तारखा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै केंद्राची ६१ दिवसांची बंदी असतेच, पण त्याच्यानंतरही लगेच जाऊन उपयोग नाही, लाट मोठी आणि पाणी घाण. मला ऑक्टोबर मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस आवडतात आणि मग परत मार्च-एप्रिल. ऐन जानेवारीत आखातात पाणी गार पडतं आणि या माशाला २० ते ३० डिग्रीच्या मधलं पाणी मानवतं, गार झालं की तो खोल किंवा दक्षिणेला सरकतो.

आता तुमची दिवाळी. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, म्हणजे पाडवा-भाऊबीजेला समुद्राला उधाण. उधाणाला ओढ जास्त, गाळ वर येतो, आखाताच्या तोंडाशी तर पाणी नुसतं धावत असतं, बघून मासा शोधायला हे दिवस वाईट. आठवड्याने, म्हणजे कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत, भांगाचे दिवस, भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी निवळ, ते तुमचे. आणि योग असा की दिवाळीत खारवा मंडळी, म्हणजे तिथले मच्छीमार, घरी असतात, बोटी धक्क्याला, लाभपाचमेनंतर मुहूर्त करून लोक परत कामाला लागतात, म्हणजे बोट मिळायलाही तेच दिवस सोपे. ऑफिसात सुट्टी भाऊबीजेची न घेता पुढच्या आठवड्यातली मागा, घरचेही खूष राहतील.

भांग असला तरी ओढ एकदम बंद असून चालत नाही बरं का. पाणी हळू चालत असलं, म्हणजे भरतीचा शेवटचा दीड तास आणि ओहोटीचा पहिला, तेव्हा मासा वर येऊन बोयाच्या, दोरीच्या प्रवाहाकडच्या बाजूला तोंड करून उभा राहतो. पाणी जोरात धावायला लागलं की खाली जातो. बघून शोधायचं असेल तर सूर्य डोक्यावर हवा, सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य पाठीला ठेवून चालायचं आणि वारा कमी. पहाटे चारला उठून जाण्याची जी आपली तळ्यावरची सवय आहे ती इथे कामाची नाही, सकाळी तिरप्या उन्हात पाणी नुसतं चकाकतं. पोलराइज्ड चष्मा मात्र पाहिजेच पाहिजे, तांबूस किंवा अंबर काचेचा, महागड्या ब्रँडचा नसला तरी चालेल पण खरा पोलराइज्ड असावा. दुकानात मोबाईलच्या स्क्रीनसमोर धरून फिरवून बघा, एका कोनात स्क्रीन काळी पडली तर खरा.

बघायचं काय ते जरा नीट सांगतो. पाकट सापडली असं समजा. वरून ती वाळूच्या रंगाची एक चौकट, कडा हळूहळू हलतायत. लगेच कास्ट करायचा नाही, थांबून तिच्या पाठीवर आणि शेपटीच्या बाजूला नजर लावायची. आधी काहीच नसतं, मग लक्षात येतं की तिची सावली जरा जास्तच लांब आहे, आणि मग त्या सावलीतला एक तुकडा पाकट वळल्यावर अर्धा सेकंद उशिरा वळतो. तो सकला. पाकट तळ उकरत जाते, त्यातून खेकडे-कोळंबी उडतात आणि हा मागे बसून फुकटात जेवतो. खेकडे त्याचे फार आवडते, पोट कापलं की बहुतेक वेळा कवचाचे तुकडे निघतात, म्हणून कुठे कुठे त्याचं नावच खेकडे खाणारा असं आहे. आता आमिष टाकायचं ते माशाच्या पुढे एक-दीड मीटर आणि त्याच्याही पलीकडे, आणि मग ओढत त्याच्या रस्त्यात आणायचं. डोक्यावर पडलं की गेला. मागून त्याच्या दिशेने आलं तरी गेला, कुठलंही भक्ष्य स्वतःहून शिकाऱ्याकडे पळत येत नाही. तो मागे लागला आणि तोंड उघडत नसेल तर थांबू नका, उलट वेग वाढवा, पळणाऱ्या गोष्टीवर तो चिडतो. आणि खाली गेला तर तिथेच थांबा. हा चौकस मासा आहे, पाच-दहा मिनिटांनी परत वर येतो, कित्येकदा सरळ बोटीपाशीच येतो, काय आहे ते बघायला.

सकल्याऐवजी हूक पाकटीलाच लागला तर दोर कापा, हाताने सोडवायला जाऊ नका, शेपटीचा काटा काय करतो ते बंदरावरच्या कोणालाही विचारा. गिटारफिशच्या काही जाती, करवत मासा वगैरे कायद्याने संरक्षित आहेत, चुकून लागले तर पाण्यातच सोडायचे, बोटीत घेऊन फोटो नाही.

व्हेल शार्कचं वेगळं सांगावं लागेल. हिवाळ्यात वेरावळ, मांगरोळ, सूत्रापाडा भागात ती येते, जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि तिच्या पोटाखाली सकल्यांचा घोळका असतो हे खरं आहे, मी ते बघितलंय आणि हात खिशात घातले. पूर्वी तिची शिकार व्हायची, दोरीला रिकामी पिंपं बांधून दमवायचे म्हणून मच्छीमार तिला बॅरलच म्हणायचे. २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला घेतलं, मग मोरारी बापूंनी माहेरी आलेल्या लेकीची उपमा देऊन किनाऱ्यावर प्रचार केला, "व्हाली" म्हणायला लागले लोक, आणि तेच खारवे आज आपली जाळी कापून तिला सोडतात. त्या माणसांसमोर तुम्ही बडोद्याहून येऊन तिच्या अंगावरून जिग, म्हणजे नकली आमिषाचा गळ, ओढणार असाल तर पुढे वाचू नका. लांबून बघा, इंजिन बंद, आणि पुढे निघा.

दिसत नसेल, वारा सुटला असेल, पाणी गढूळलं असेल, तर दुसरी पद्धत, नांगर टाकून चारा सोडायचा. उथळ बांध जिथे खोल पाण्याला मिळतो त्या कडेला बोट अशी लावायची की ओढ बोटीच्या मागून खोल बाजूला जाईल. तारलीचे तुकडे, डोकी, रक्त, सगळं जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात अर्धवट बुडवायचं आणि अधूनमधून मूठभर तुकडे सोडत राहायचं, सलग सोडायचं, अर्धा तास सोडून मग जेवायला बसलात तर वासाची ओळ तुटते आणि सगळं पहिल्यापासून. तीन गळ लावा, एक तळाला, एक मध्यावर, एक फुग्याला बांधून वरच्या वर मागे सोडलेला. आमिष जिवंत बोय मासा सगळ्यात उत्तम, वीतभर, नाहीतर हाताच्या तळव्याएवढा खेकडा, नांग्या काढून. माकूळही चालतं पण ते इतर सगळ्यांनाही चालतं, तुमचा अर्धा दिवस शिंगाळे आणि छोट्या मुशा सोडवण्यात जाईल. वैताग येतो, पण ही पद्धत नव्या माणसाला जास्त मासे देते हे मान्य करायला पाहिजे. मला स्वतःला बघून टाकलेला एक सकला हा नांगरावरच्या तिघांपेक्षा प्यारा, पण ती आवड झाली.

सामान. तुमचे तळ्यातले रॉड घरी ठेवा, खरंच. सात फुटी मध्यम-जड स्पिनिंग रॉड, रील ६००० ते ८००० साइजचं, चांगल्या ड्रॅगचं, म्हणजे मासा पळाला की दोर ताणातच सुटू देणाऱ्या ब्रेकचं, त्यावर ४०-५० पाऊंडची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी कमीत कमी अडीचशे-तीनशे मीटर. पुढे मीटर-दीड मीटर ६० ते ८० पाऊंडचा लीडर, म्हणजे हुकाआधीचा जाड दोर. त्याचे दात वाघ-मुशीसारखे नसतात, बारीक आणि खरखरीत असतात, त्यामुळे वायर लागत नाही पण पातळ लीडर घासून तुटतो. ब्रेड आणि लीडरची एफजी गाठ घरी पंख्याखाली बसून शिका, बोटीवर हलताना शिकता येत नाही. जिवंत आमिषाला ७/० ते ८/० सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला, आणि त्याला झटका मारायचा नसतो, ही तळ्यावरची सवय मोडायलाच लागेल, दोर ताणत गेला की फक्त गुंडाळत राहा, हूक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. बघून टाकायला ६० ते ९० ग्रॅमचे बकटेल जिग, पांढरे किंवा पोपटी, मागे लांब रबरी शेपूट. एक रॉड जिग लावून, एक आमिष लावून, दोन्ही तयार हाताशी ठेवायचे, कारण एक मासा लागला की त्याच्या मागोमाग दुसरा वर येतो आणि तेव्हा डबा उघडून गाठी मारत बसलात तर गेला तो.

सराव करायचा असेल तर आपल्या बडोद्यातल्या नवलखी ग्राउंडवर सकाळी लवकर जा, पोरं क्रिकेटला यायच्या आत. हूक काढलेला जिग, पंचवीस-तीस मीटरवर एक बादली, आणि बादलीत टाकायचं नाही, बादलीच्या पलीकडे हातभर टाकून तिच्या बाजूने ओढत आणायचं. लोक बघतील, विचारतील इथे कुठला मासा, सांगा काहीतरी. दहापैकी सात वेळा जमायला लागलं की समुद्रावर दहापैकी दोन वेळा जमेल, कारण तिथे बोट हलते, वारा असतो आणि मासा बादलीसारखा एका जागी उभा राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हिडिओत कापून टाकलेलं असतं. सकला लागला की बरेचदा पहिली दोन-तीन मिनिटं काहीच करत नाही. गपगुमान बोटीकडे चालत येतो, ओंडका ओढल्यासारखा, आणि सगळ्यांना वाटतं अरे हा तर सोपा निघाला. तो दमलेला नसतो. त्याला अजून कळलंच नाहीये. त्या वेळी उत्साहात गॅफ, म्हणजे आकडा लावलेली काठी, मारून ताज्या ताकदीचा मासा बोटीत घेतलात तर वीस किलोचा जिवंत स्नायू चार माणसांच्या पायांत सुटतो, डबे फुटतात, रॉड मोडतात, आणि त्याच्या पाठीवर, मोठ्या पंखाच्या पुढे, सात ते नऊ सुटे आखूड काटे असतात जे एरवी खाचेत मिटलेले असतात, ते उभे राहतात. पिंडरीत घुसले की टाके. म्हणून लवकर आला तर उलट बोट थोडी पुढे घ्या, त्याला बोट दिसू द्या, पळू द्या. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, घरीच वजनकाट्याने मोजून लावायचा, बोटीवर अंदाजाने पिळायचा नाही. तो सरळ बोयाच्या साखळीकडे किंवा तुमच्या नांगराच्या दोरीकडे जाणार हे धरून चाला, नांगर लगेच सोडता येईल असा, टोकाला फुगा बांधून ठेवा. तीन-चार वेळा खाली जाऊन तो आडवा पडायला लागला, पोटाचा पांढरा दिसायला लागला, की मगच जाळी. मोठं लँडिंग नेट, डोक्याकडून. गॅफ फक्त ठेवायच्याच माशाला, आणि तोही ज्याने आधी मारलाय त्याच्या हातात. बोटीत घेण्याच्या आधी जमीन मोकळी करा, अनवाणी कोणी नको, आणि मासा थेट झाकणाच्या पेटीत, वर एक जण बसेल असा.

किती मोठा होतो? दोन मीटरपर्यंत वाढतो, गळावरचा जागतिक विक्रम ६१.५ किलोचा, पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे इथला, १९८५ चा. आपल्याला पाच ते पंधरा किलोचा मिळाला तर दिवाळी. वाढतो भराभर, पिंजऱ्यातल्या शेतीत वर्षात चार-सहा किलो होतो, म्हणून तर तामिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआय या केंद्राच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये याची पिल्लं तयार करून दाखवली. मोठे मासे बहुतेक माद्या असतात, तेव्हा चौघांत एक मध्यम ठेवा आणि मोठी लागली तर फोटो काढून सोडा असं मी म्हणेन, कायदा म्हणून नाही, माझं म्हणणं म्हणून. सोडायला हा मासा सोपा आहे, त्याला हवेची पिशवीच नसते, त्यामुळे खोलातून वर आणला तरी घोळीसारखं पोट फुगून तोंडातून बाहेर येत नाही. फक्त शेपटीला धरून उलटा लटकवू नका, पोटाखाली हात, ओल्या हाताने, आणि पाण्यात तोंड ओढीकडे करून धरा, तो स्वतःच झटका मारून जातो. पिशवी नसल्यामुळे तो थांबला की बुडतो, म्हणून नुसता टाकून देऊ नका, शेपूट हलायला लागेपर्यंत धरा.

ठेवलेला मासा बडोद्यापर्यंत कसा आणायचा. मारल्याबरोबर दोन्ही कल्ल्यांखाली काप देऊन रक्त काढा, दहा मिनिटं, हे केलं नाही तर मांसाला गुलाबी डाग आणि वास राहतो. मग पोट साफ करून, कल्ले काढून, पोटात बर्फ भरा आणि पेटीत एक किलो माशाला एक किलो फोडलेला बर्फ, पेटीचं बूच खालून उघडं म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल, त्या पाण्यात मासा लोळत आला की संपला. वेरावळहून रात्री निघालात तर वाटेत एकदा बर्फ बदला, पेट्रोल भरायला थांबाल तेव्हाच. तुकडे घरी आल्यावर, बंदरावर नाही, अख्खा जास्त टिकतो. कातडी जाड असते, ती सोलून काढा, मांस पांढरं, घट्ट, चरबीचं, रवा लावून तव्यावर झकास होतं आणि डोक्याचं कालवण तर विचारूच नका. सोसायटीत शाकाहारी शेजारी असतील तर साफसफाई सगळी बंदरावर उरकून या आणि तळायचा कार्यक्रम ज्याचं घर वरच्या मजल्यावर आहे त्याच्याकडे. आणि टंडेलचा वाटा बोटीवरच काढून त्याच्या हातात द्या, भाड्याच्या पैशांव्यतिरिक्त, त्याला न विचारता, पुढच्या वेळी फोन केलात की तो आधी तुमचा उचलेल.